डॉटफाइल्स चार यंत्रांवर एकमेळाने कशा ठेवाव्यात?

डॉटफाइल्स म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंग साठवणाऱ्या, ठिपक्याने सुरू होणाऱ्या नावांच्या लपलेल्या फाइली. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यात गणेशखिंड रस्त्यावरच्या एका संस्थेत संशोधन करता. तिथल्या टेबलावर उबुंटू आहे, सोबत मॅकबुक असतो, मोठी गणिते चालवायला सेंटओएस ७ हे लिनक्स असलेला एक जुना क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा समूह) मिळतो आणि धायरीच्या घरी एका जुन्या पीसीवर तुम्ही फ्रीबीएसडी ही यूनिक्स वंशाची प्रणाली बसवली आहे. तीन वर्षांत या चार ठिकाणच्या बॅश (आज्ञा घेणारा शेल), विम (मजकूर संपादक), गिट (बदलांची नोंद ठेवणारे साधन), टीमक्स (एका टर्मिनलात अनेक सत्रे चालवणारे) आणि एसएसएच (दूरच्या यंत्रावर जाण्याचे साधन) यांच्या फाइली एकमेकींपासून इतक्या दूर गेल्या आहेत की कोणते एलियस (आज्ञेला दिलेले आखूड नाव) कुठे चालते हे आठवावे लागते. यासाठी कोणते साधन वापरावे, आणि सगळ्या फाइली ड्रॉपबॉक्समध्ये टाकून त्यांचे दुवे दिले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

ड्रॉपबॉक्सचे आधी सांगतो: टाकू नका. फ्रीबीएसडीसाठी त्यांचा अधिकृत क्लायंट नाही आणि क्लस्टरच्या लॉगिन नोडवर (सगळे जण आधी जिथे शिरतात त्या यंत्रावर) असली पार्श्वभूमीत चालणारी प्रक्रिया कोणी चालू देणार नाही, त्यामुळे चारांपैकी दोन यंत्रे पहिल्याच पायरीवर गळतात. पण ती गळली नसती तरी माझे उत्तर बदलले नसते. अशा सेवा फाइल सेव्ह होताक्षणी ती सगळीकडे पोहोचवतात; तुम्ही अर्धवट लिहिलेली बॅशआरसी (बॅश सुरू होताना वाचतो ती फाइल) प्रयोगशाळेतल्या यंत्रावर जाऊन बसते आणि तिथले पुढचे टर्मिनल चूक दाखवत उघडते. दोन ठिकाणी बदल झाला तर शेजारी एक ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ तयार होते, आणि ठिपक्याने सुरू होणाऱ्या फोल्डरात ती महिनोन्‌महिने कोणाच्या नजरेस पडत नाही. सिंकथिंग हे असेच फाइली जुळवणारे साधन फ्रीबीएसडीवर उत्तम चालते, मी फोटोंसाठी तेच वापरतो, पण या कामापुरता दोष तोच राहतो. बदल कधी झाला, कशासाठी केला आणि मागे कसे जायचे, याची नोंद ठेवणारे काहीतरी हवे, आणि ते काम गिट करतो.

आता साधनाच्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी थोडे थांबावे लागेल. मी वीसेक वर्षे पुण्यात सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे काम करतो. माझ्या स्वतःच्या डॉटफाइल्स आधी पेन ड्राइव्हवर होत्या, मग आरसिंक या नकला करणाऱ्या साधनाने फिरू लागल्या, मग सबव्हर्जन या गिटसारख्याच जुन्या साधनात गेल्या आणि २००९ पासून गिटमध्ये आहेत. या सगळ्या काळात साधन चुकले म्हणून मी क्वचितच अडलो. अडलो ते दर वेळी एकाच प्रकारे: एका यंत्रापुरते असलेले काहीतरी सगळीकडे गेले, नाहीतर कुठेच जायला नको होते ते गेले. फाइल एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे हे यातले सर्वांत सोपे काम आहे. म्हणून कोणती फाइल कुठे जायची या वाटणीला आधी एक संध्याकाळ द्यावी.

ही वाटणी करावी लागते याला यूनिक्सचा इतिहासही कारणीभूत आहे. सुरुवातीच्या काळात फाइली दाखवणाऱ्या एलएस या आज्ञेच्या यादीतून ‘.’ आणि ‘..’ (चालू फोल्डर आणि त्याच्या वरचे) या दोन नोंदी वगळण्यासाठी कोणीतरी नावाचे पहिलेच अक्षर ठिपका आहे का एवढेच तपासले, त्यामुळे ठिपक्याने सुरू होणारी प्रत्येक फाइल दिसेनाशी झाली, आणि मग प्रोग्रॅम लिहिणारे आपापल्या फाइली त्या आडोशाला ठेवू लागले, असे यूनिक्सच्या जुन्या चमूतले रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिले होते. परिणाम असा की तुमच्या आवडीनिवडी, पासवर्ड, आज्ञांचा इतिहास आणि निव्वळ कॅशे हे सगळे एकाच माळ्यावर पडलेले असते. एक्सडीजी या फाइली कुठे ठेवाव्यात हे सांगणाऱ्या सामायिक नियमाने कॉन्फिगरेशन, डेटा आणि कॅशे यांना होम डिरेक्टरीत वेगळी घरे दिली, गिटसारखे प्रोग्रॅम ती ओळखतात, पण बॅश आणि एसएसएच अजून जुन्याच जागी आहेत. तेव्हा माळा आपणच आवरायचा.

चारही यंत्रांवरच्या ठिपक्याच्या फाइली एका फोल्डरात आणा, प्रत्येक यंत्राच्या नावाचे उपफोल्डर करा आणि फाइलींतला फरक दाखवणारी डिफ ही आज्ञा चालवून पाहा. साधारण चार ढीग पडतील. पहिला, खरोखर सगळीकडे सारखे असावे असे: एलियस, विमच्या सवयी, गिटमधले तुमचे नाव, प्रॉम्प्ट. दुसरा, एका यंत्राचे किंवा एका प्रणालीचे: होमब्रूचा (मॅकवर प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाचा) मार्ग, क्लस्टरवरचे मॉड्यूल (गरजेपुरते चालू करायचे सॉफ्टवेअर), ग्राफिक्स कार्डाशी संबंधित चले. तिसरा, गुप्त: एसएसएचच्या खासगी किल्ल्या, डॉट-नेटआरसी (लॉगिनचे पासवर्ड ठेवणारी फाइल), क्लाउडच्या किल्ल्या, टोकन. चौथा, प्रोग्रॅमने स्वतःसाठी लिहिलेले: बॅश हिस्टरी, विमइन्फो, नोन-होस्ट्स, ब्राउझरची प्रोफाइल. चौथा ढीग तिथेच राहू द्या. कोणी कितीही सांगितले तरी आज्ञांचा इतिहास यंत्रायंत्रांत फिरवू नका, कारण घाईघाईत आज्ञेच्या ओळीवर टाकलेले पासवर्ड त्यातच असतात. पहिला ढीग अपेक्षेपेक्षा लहान निघतो. माझा पाचशे ओळींचा आहे आणि त्यातल्या दोनशे विमच्या आहेत.

पहिल्या दोन ढिगांची सरमिसळ सर्वाधिक होते ती बॅशआरसीत, म्हणून ती फाइल जवळून पाहू. माझ्या मुख्य फाइलीत आज जेमतेम वीस ओळी आहेत आणि त्या स्वतः काही करत नाहीत. त्या दुसऱ्या फाइली क्रमाने वाचतात. आधी सामायिक फाइल. मग ‘यूनेम डॅश एस’ जे उत्तर देते (लिनक्स, मॅकवर डार्विन किंवा फ्रीबीएसडी) त्या नावाची फाइल असली तर ती. मग यंत्राच्या होस्टनेमची फाइल असली तर ती. आणि सर्वांत शेवटी ‘लोकल’ नावाची एक फाइल, जी रिपॉझिटरीत (गिटच्या साठ्यात) कधीच जात नाही आणि जिचे नाव गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या नावांच्या यादीत) आहे. नंतर वाचलेली फाइल आधीच्या फाइलीवर मात करते, एवढा एकच नियम लक्षात ठेवावा लागतो. फाइल नसली तर निमूटपणे पुढे जायचे, चूक दाखवायची नाही. नवे यंत्र आले की रिपॉझिटरी उतरवावी आणि काम सुरू करावे, त्याच्या नावाची फाइल गरज पडेल तेव्हा तयार होईल.

सामायिक फाइल लिहिताना दोन पथ्ये पाळा. एक, ती साध्या पॉझिक्स शेलच्या, म्हणजे सगळ्या शेलना कळणाऱ्या प्रमाण वाक्यरचनेत ठेवा. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून झीएसएच हा मूळ शेल आहे आणि सोबत येणारा बॅश अजून ३.२ मालिकेतला आहे, कारण पुढच्या आवृत्त्यांचा जीपीएल ३ परवाना ॲपलने स्वीकारला नाही. बॅश ४.० मध्ये आलेले असोसिएटिव्ह अ‍ॅरे वापरले की मॅकवर तुमची फाइल अडखळते. फ्रीबीएसडीवर बॅश मुळात नसतोच. पॅकेज म्हणून बसवला तर तो यूझर-लोकलखाली जातो, म्हणून तुमच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बिन-बॅशचा थेट मार्ग न देता ‘एन्व्ह’मार्फत बॅश शोधायला सांगा. दुसरे पथ्य असे की प्रणाली कोणती हे विचारण्यापेक्षा सोय उपलब्ध आहे का हे विचारा. ‘कमांड डॅश व्ही’ने प्रोग्रॅम सापडला तरच त्याचे एलियस करा. ग्नूच्या (लिनक्सवरच्या) एलएसला रंगासाठी एक पर्याय लागतो आणि बीएसडीच्या (मॅक आणि फ्रीबीएसडीवरच्या) एलएसला दुसरा, मजकूर बदलणाऱ्या सेडचा जागच्या जागी बदल करण्याचा पर्यायही दोन्हीकडे वेगळ्या तऱ्हेने वागतो. हे फरक प्रणालीच्या फाइलीत जाऊ द्या, सामायिक फाइलीत नकोत.

बॅशआरसीबाबत आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण निम्म्या तक्रारी तिथून येतात. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत, एसएसएचवरून एखादी आज्ञा पाठवली की पलीकडचा बॅश संवादी (माणसाच्या आज्ञेची वाट पाहणारा) नसतानाही बॅशआरसी वाचतो. काही वर्षांपूर्वी मी हौसेने सामायिक फाइलीत ‘शुभ प्रभात’ आणि दिवसाची तारीख छापणारी ओळ टाकली. दुसऱ्या दिवशी रात्रीचा बॅकअप झालेला नव्हता आणि आरसिंक ‘इज युअर शेल क्लीन?’ असे विचारून बंद पडला होता. आरसिंकला पलीकडून प्रोटोकॉलचे आकडे हवे होते आणि मिळाले ‘शुभ प्रभात’. एससीपी आणि एसएफटीपी ही फाइली पाठवणारी साधनेही याच कारणाने बिघडतात. उपाय म्हणजे शेल संवादी आहे का ते तपासून, नसल्यास तिथूनच परत फिरणारी ओळ. उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत ती सुरुवातीलाच असते. मात्र तिच्या वर काय आणि खाली काय हे विचारपूर्वक ठरवा: पाथ आणि इतर पर्यावरण चले वर, कारण दूरून पाठवलेल्या आज्ञांना ती लागतात, एलियस, प्रॉम्प्ट आणि छापण्याची हौस खाली.

क्लस्टरवर हे दुप्पट महत्त्वाचे आहे. पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभारला तेव्हापासून या शहरात अनेक प्रोसेसरांवर एकत्र काम करणारी माणसे आहेत, आणि त्यांना ठाऊक असलेली गोष्ट नव्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही: सगळ्या नोडवर (क्लस्टरमधल्या यंत्रांवर) तुमची होम डिरेक्टरी एकच असते. तुमचे काम एमपीआयने (एक काम अनेक यंत्रांवर वाटण्याच्या पद्धतीने) चाळीस नोडवर पसरले की बॅशआरसी तितक्या ठिकाणी, जवळजवळ एकाच क्षणी, एकाच फाइल सर्व्हरवरून वाचली जाऊ शकते. कोंडा (पॅकेजे सांभाळणारे साधन) सुरू करणारी लांबलचक ओळ, प्रत्येक वेळी गिटची स्थिती पाहणारा प्रॉम्प्ट, नेटवर्कवर काही शोधणारी आज्ञा, हे तिथे संवादी भागातच ठेवा आणि मॉड्यूल लोड करणे शक्यतो जॉबच्या (रांगेत टाकलेल्या कामाच्या) स्क्रिप्टमध्ये लिहा. तसे केल्याने तो निकाल कोणत्या कंपायलरने आला हे सहा महिन्यांनी सांगताही येते. लॉगिन नोडची नावे बदलती असतात, म्हणून होस्टनेमच्या फाइलीत पूर्ण नाव न वापरता नावाच्या सुरुवातीच्या भागावर जुळणी करा.

इतर प्रोग्रॅमना अशी थरांची सोय आपापल्या परीने असते. गिटच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘इन्क्लूड’ने दुसरी फाइल ओढता येते, आणि २०१७ च्या २.१३ आवृत्तीपासून ‘इन्क्लूडइफ’ने ठराविक फोल्डरातल्या रिपॉझिटरींनाच ती लागू करता येते, संस्थेच्या कामाला संस्थेचा ईमेल आणि स्वतःच्या कामाला स्वतःचा, हा घोळ त्याने कायमचा मिटतो. सेंटओएस ७ चा मूळ गिट १.८.३ आहे, त्याला ‘इन्क्लूडइफ’ कळत नाही आणि तो ते न बोलता सोडून देतो. म्हणून मुख्य फाइलीत नेहमी वापरायचा ईमेल पत्ता ठेवा आणि क्लस्टरवर कमिट करण्यापूर्वी (गिटमध्ये बदल नोंदवण्यापूर्वी) एकदा तपासा. टीमक्समध्ये माउस चालू करणारा आजचा पर्याय २.१ आवृत्तीत आला, जुन्या टीमक्सला तो अनोळखी आहे. अशा एक-दोन ओळींसाठी आवृत्ती तपासत बसण्यापेक्षा क्लस्टरची वेगळी फाइल केलेली बरी.

एसएसएच मात्र अनोळखी पर्याय सोडून देत नाही. मॅकच्या फाइलीतला ‘यूझकीचेन’ हा पर्याय ॲपलने स्वतः घातलेला आहे. तीच फाइल लिनक्सवर गेली की एसएसएच ‘बॅड कॉन्फिगरेशन ऑप्शन’ म्हणतो आणि जोडणीच नाकारतो. त्या ओळीच्या आधी ‘इग्नोअर-अननोन’ लिहून त्या पर्यायाचे नाव दिले की तो पुढे जातो. ओपनएसएसएच ७.३ पासून, म्हणजे २०१६ पासून, या फाइलीतही ‘इन्क्लूड’ आहे. सामायिक होस्टांची यादी रिपॉझिटरीत आणि संस्थेच्या आतल्या सर्व्हरांची नावे ‘लोकल’ फाइलीत ठेवा, कारण अंतर्गत नेटवर्कचा नकाशा उघड्या रिपॉझिटरीत टाकायला तुमच्या संस्थेने परवानगी दिलेली नाही, हे गृहीत धरावे.

एसएसएचच्या याच फाइलीची परवानगी हा दुसरा सापळा आहे, आणि तुमच्या बाबतीत तो क्लस्टरवर बहुधा लागेल. गिट फाइलीच्या परवानग्यांपैकी फक्त ती चालवता येते की नाही एवढेच साठवतो. सेंटओएसवर साध्या वापरकर्त्याचा यूमास्क (नव्या फाइलीच्या परवानग्या ठरवणारा आकडा) सहसा ००२ असतो, त्यामुळे रिपॉझिटरी उतरवली की फाइली ६६४ परवानगीच्या होतात, म्हणजे गटालाही त्यात लिहिता येते. एसएसएचला हे मुळीच मान्य नाही. तो ‘बॅड ओनर ऑर परमिशन्स’ म्हणून थांबतो, आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारा दुवा) असला तरी तो मूळ फाइलीची परवानगी पाहतो. तुमच्या बसवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एसएसएचच्या फाइलीला ६०० आणि फोल्डरला ७०० (म्हणजे फक्त मालकाला प्रवेश) करणारी ओळ असू द्या.

मराठी माणसाला भेटणारी एक अडचण परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही. तुम्ही उबुंटूवर भाषा मराठी ठेवली असेल तर भाषा ठरवणाऱ्या ‘लँग’ या चलात ‘एमआर अंडरस्कोर आयएन’ असते, आणि डेबियन-उबुंटूच्या एसएसएच क्लायंटची मूळ मांडणी हे चल पलीकडे पाठवते. पलीकडे मराठी लोकेल (त्या भाषेच्या मांडणीचा संच) बसवलेले नसले आणि सर्व्हरने ते चल स्वीकारले, तर पर्ल भाषेतला प्रत्येक प्रोग्रॅम ‘सेटिंग लोकेल फेल्ड’ अशी पाच-सहा ओळींची तक्रार करतो. सर्व्हरच्या व्यवस्थापकाला लोकेल बसवायला सांगण्यापेक्षा, त्या यंत्राच्या फाइलीत ‘लोकेल डॅश ए’च्या यादीत जे यूटीएफ-८ लोकेल आहे ते लावा. देवनागरी नावांच्या फाइली नीट दिसण्यासाठी यूटीएफ-८ आवश्यक आहे, मराठी लोकेल नव्हे. किटीसारखे नवे टर्मिनल वापरत असाल आणि जुन्या यंत्रावर ते ‘अननोन टर्मिनल’ ठरत असेल, तर टर्मिनलचे वर्णन छापणाऱ्या ‘इन्फोकम्प’चे उत्तर एसएसएचवरून पलीकडच्या, ते वर्णन बसवणाऱ्या ‘टिक’ला द्या, ते तुमच्या होम डिरेक्टरीत बसते, रूट लागत नाही.

आता साधने. ग्नू स्टो हे १९९३ पासूनचे पर्लमधले छोटे साधन आहे: रिपॉझिटरीत प्रत्येक प्रोग्रॅमचे एक फोल्डर करायचे आणि स्टो त्यातल्या फाइलींचे सिमलिंक होम डिरेक्टरीत लावतो. दुसरी पद्धत होम डिरेक्टरीलाच गिटचे कामाचे क्षेत्र करण्याची, ज्यात गिटचा स्वतःचा डेटा वेगळ्या बेअर रिपॉझिटरीत राहतो आणि नोंद नसलेल्या फाइली न दाखवण्याची सेटिंग करतात. ती दिसायला सुटसुटीत आहे, पण त्यासाठी केलेल्या गिटच्या एलियसमागे चुकून ‘क्लीन’ (नोंद नसलेल्या फाइली पुसणारी आज्ञा) लिहून सक्तीने चालवले तर गिटच्या लेखी तुमचे अख्खे घर कचरा असते. मी ती कोणाला सुचवत नाही. यॅडम हे साधन याच कल्पनेवर प्रणालीनुसार पर्यायी फाइली आणि एन्क्रिप्शन चढवते. शेम्वा, ज्याचा फ्रेंच अर्थ ‘माझ्या घरी’, हे गो भाषेतले एकाच बायनरीचे साधन आहे. ते सिमलिंक न लावता साच्यांवरून खऱ्या फाइली तयार करते, परवानग्या नावातल्या उपसर्गावरून लावते, लागू करण्याआधी फरक दाखवते आणि गुप्त मजकूर पासवर्ड मॅनेजरमधून आणू शकते. अ‍ॅन्सिबल आणि निक्स ही संपूर्ण यंत्र मांडण्याची साधने आहेत. पाच फाइलींसाठी ती आणणे म्हणजे डास मारायला तोफ.

तुमच्यासाठी मी स्टो किंवा चाळीस ओळींची स्वतःची शेल स्क्रिप्ट सुचवेन. थरांची मांडणी वर सांगितल्याप्रमाणे केली असेल तर साच्यांची गरज फारशी उरत नाही, आणि क्लस्टरवर काही बिघडले तर सिमलिंक कुठे जातो हे एका आज्ञेत दिसते. शेम्वा वाईट आहे असे नाही. ज्या प्रोग्रॅमना ‘इन्क्लूड’ची सोयच नाही त्यांच्या फाइली यंत्रागणिक वेगळ्या करायच्या असतील, किंवा यंत्रे दहाच्या वर गेली, तर मी स्वतः तिकडे वळेन. सिमलिंकचा एक दोष मात्र माहीत असावा: काही प्रोग्रॅम सेटिंग सेव्ह करताना नवी फाइल लिहून जुनीच्या जागी सरकवतात, त्यामुळे सिमलिंक जाऊन तिथे साधी फाइल येते आणि रिपॉझिटरीशी नाते तुटते. ग्नू सेडने सिमलिंकवरच जागच्या जागी बदल केला तरी हेच होते. म्हणून स्क्रिप्टमध्ये तुटलेले नाते दाखवणारा एक तपासणीचा पर्याय ठेवा.

स्टोबद्दल एक अनुभव सांगतो, कारण तो मला महागात पडला. नव्या सर्व्हरवर एसएसएचचे फोल्डर अजून तयार नव्हते. अशा वेळी स्टो प्रत्येक फाइलीचा सिमलिंक न करता अख्ख्या फोल्डरचाच एक सिमलिंक लावतो. त्याच्या भाषेत ही ‘फोल्डिंग’. मला ते ठाऊक होते, पण तेव्हा लक्षात आले नाही. मी तिथे नवी किल्ली तयार केली, ती अर्थातच दुव्यातून थेट रिपॉझिटरीत जाऊन बसली, आणि संध्याकाळी ‘गिट अ‍ॅड’ला सगळेच घ्यायला सांगून मी पुश केले, म्हणजे सर्व्हरवर पाठवले. रिपॉझिटरी उघडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटमध्ये अनोळखी फाइल दिसली तेव्हा पोटात गोळा आला. अशा वेळी गिटच्या इतिहासातून फाइल पुसण्यामागे आधी धावू नये. पुसेपर्यंत ती कोणी घेतली नसेल याची खात्री कोणीच देत नाही. मी आधी अकरा सर्व्हरांच्या ऑथराइज्ड-कीज फाइलींतून ती किल्ली काढली, नवी केली, आणि मग निवांतपणे इतिहास साफ केला. टोकन असते तर आधी ते रद्द केले असते. तेव्हापासून स्टोला ‘नो-फोल्डिंग’ हा पर्याय कायमचा दिला आहे, किल्ल्यांच्या नावांचे नमुने गिटइग्नोरमध्ये आहेत, आणि कमिटपूर्वी गुप्त मजकूर शोधणारा गिटलीक्स हुकमध्ये (गिट आपोआप चालवतो त्या स्क्रिप्टमध्ये) बसवला आहे.

किल्ल्या यंत्रागणिक वेगळ्या करा आणि त्या जिथे जन्मल्या तिथेच राहू द्या. मॅकबुक हरवला तर एकच किल्ली रद्द करावी लागते. क्लस्टरवर इतरांचाही वावर असतो आणि तिथल्या रूटला सगळे दिसते, म्हणून रिपॉझिटरीत लिहू शकणारी किल्ली तिथे ठेवू नका. वाचण्यापुरती डिप्लॉय-की पुरे. त्याच कारणाने एजंट फॉरवर्डिंगही (आपली किल्ली वापरण्याची मुभा पलीकडच्या यंत्राला देणे) टाळा, मधल्या यंत्रावरून पलीकडे जायचे असेल तर ‘प्रॉक्सीजंप’ वापरा. अनेक जण टर्मिनल उघडताच आपोआप पुल करणारी (सर्व्हरवरचे बदल उतरवणारी) ओळ बॅशआरसीत टाकतात. मला ते पटत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि राउटर बंद पडला की प्रत्येक टर्मिनल अडकून बसते. शिवाय त्या रिपॉझिटरीत ज्याला लिहिता येईल, त्याची आज्ञा तुमच्या चारही यंत्रांवर न विचारता चालते. मी हाताने, ‘फास्ट-फॉरवर्ड’ शक्य असेल, म्हणजे इथे वेगळे कमिट नसतील, तरच पुल करतो आणि डिफवर नजर टाकतो. बदल मात्र सुचला त्या क्षणी कमिट करावा आणि कारण एका ओळीत लिहावे. ‘काही बदल’ असे लिहिलेल्या माझ्याच कमिटवर मी पुढे तासभर चरफडलो आहे.

बदल पुश करण्याआधी तो कोऱ्या घरात चालवून पाहण्याची सवय लावा. एखादे रिकामे तात्पुरते फोल्डर करून ‘होम’ हे चल तिथे वळवा, ‘एन्व्ह डॅश आय’ने बाकीचे पर्यावरण पुसा, फाइली तिथे बसवा आणि लॉगिन शेल सुरू करा, तुमच्या चालू टर्मिनलमध्ये आधीच असलेल्या चलांमुळे झाकलेल्या चुका लगेच उघड्या पडतात. दूरच्या यंत्रावर बॅशआरसीत बदल करताना एक जुने सत्र उघडे ठेवा आणि नव्या सत्रात आत जाता येते हे पाहिल्यावरच जुने बंद करा. बॅशमधून झीएसएचकडे उडी मारणारी ओळ टाकायची असेल तर झीएसएच तिथे आहे की नाही ते आधी तपासा.

सुरुवात उबुंटूपासून करा, कारण तिथे चूक झाली तर तुम्ही समोर बसलेले असता. तिथल्या फाइली रिपॉझिटरीत घ्या, आठवडाभर वापरा, मग मॅकवर उतरवा. सामायिक फाइलीतून प्रणालीच्या फाइलीत जाणाऱ्या बहुतेक ओळी या दुसऱ्या यंत्रावरच कळतात. फ्रीबीएसडी तिसरे. क्लस्टर सर्वांत शेवटी, आणि तोही कोणतेही काम रांगेत नसताना, कारण रांगेत असलेला जॉब सुरू होताना त्या दिवशीची बॅशआरसी वाचू शकतो, तुम्ही तो पाठवला त्या दिवशीची नाही. जुन्या फाइली स्क्रिप्टने पुसू नका. तारखेच्या नावाच्या फोल्डरात सरकवा. त्यात टोकन राहिले असतील, म्हणून त्या फोल्डरला ७०० परवानगी द्या, आणि दोन महिन्यांत एकदाही ते उघडावे लागले नाही तर काढून टाका.